सराफ्याची माती आणि तिसरी चाळणी



मागे याच सदरात आम्ही ओझरते लिहिले होते की, आमच्या वस्तीतील एक बाई सराफ्याची माती धुऊन घर चालवतात आणि वस्तीतल्या दोन-तीन मुलांना हाताशी धरून आम्ही त्यांच्यासाठी एक लहानशी पन्हळ तयार केली आहे. त्या दोन ओळींवर इतकी पत्रे येतील असे वाटले नव्हते. काही पत्रांत पन्हळ कशी केली ते सविस्तर लिहा, अशी मागणी होती. काही पत्रांत राग होता. एका तरुण कार्यकर्त्याने तर सरळ विचारले, "घाणीची कामे सोडा म्हणून बाबासाहेब सांगून गेले आणि तुम्ही आमच्या आयाबहिणींना पुन्हा केरकचऱ्यात बसवता काय?" प्रश्न खरा आहे. त्याला उत्तर द्यायचेच आहे, पण आधी काम काय आहे ते सांगू. कामच माहीत नसेल तर रागही अर्धवट राहतो आणि कौतुकही.

सोनार कानस चालवतो तेव्हा सोन्याचा कीस उडतो. तो थोडा समोरच्या पाटावर पडतो, थोडा कपड्यांना चिकटतो, थोडा झाडूने केरात जातो, थोडा हात धुतलेल्या पाण्याबरोबर नालीत जातो. झाळताना, घासताना, पॉलिश करताना असेच होते. ही माती विकत घेऊन किंवा दुकानासमोरची नाली उपसून, धुऊन, त्यातले सोने काढणारे लोक आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांना झारेकरी म्हणतात, कुठे धूळधोये म्हणतात, हिंदी मुलखात न्यारिये म्हणतात. नदीची वाळू धुऊन सोने काढणारे सोनझारी वैनगंगेच्या खोऱ्यात आहेत. रसेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने मध्य प्रांतातील जातीजमातींवर १९१६ साली जे ग्रंथ छापले, त्यांत या सोनझाऱ्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. आपल्या बीड जिल्ह्याच्या उत्तर अंगाने गोदावरी वाहते, पण इथल्या वाळूत सोने शोधायला कोणी जात नाही. इथले सोने सराफ्याच्या केरात.

ज्या बाईंविषयी लिहितो आहोत त्यांना वस्तीत सगळे अक्का म्हणतात. आम्हीही अक्काच म्हणू. नवरा-बायको दोघे वर्षानुवर्षे ऊसतोडीला जात. नवऱ्याची कंबर गेली, कोयता सुटला. अक्का सराफ्यातल्या दुकानांची झाडलोट धरून बसल्या. तिथे एक म्हातारी झारेकरीण माती घ्यायला यायची. तिला दिसेनासे झाले होते, मदतीला हात हवा होता. तिने अक्कांना काम शिकवले. अक्का सांगतात, "तिनं माझी जात इचारली न्हाई, म्या बी तिची इचारली न्हाई. दोघींचं बी प्वाट रिकामं होतं, भाऊ."

म्हातारी गेली, माती धुण्याचे काम अक्कांकडे आले. पण दिवस बदललेले. पूर्वी गावातला सोनार स्वतः घडवायचा, मोठी कानस चालवायचा आणि जाड कीस केरात पडायचा. आता तयार दागिने मुंबई, कोलकाता, कोइमतूरहून येतात. मोठे दुकानदार पॉलिशच्या मशीनला धूळ ओढून घेणारा पंखा लावतात आणि आपला केर आपणच गाळायला पाठवतात. अक्कांच्या वाट्याला उरते ती लहान कारागिरांची माती. तिच्यात सोने आहे, पण पिठासारखे बारीक. परातीत गोल फिरवून पाणी सोडले की जाड कण तळाला बसतो, हे पीठ मात्र पाण्यावर तरंगत निघून जाते. मातीचे पैसे आगाऊ मोजलेले, निघाले काय तर तांदळाच्या दाण्याएवढी गोळी!

अशा वेळी माणूस पाऱ्याकडे वळतो. बारीक सोन्याला पारा धरतो, ही गोष्ट खोटी नाही. ओल्या मातीत पारा चोळायचा, गोळा झालेला लगदा फडक्यातून पिळायचा आणि उरलेली गोळी तापवायची. पारा उडतो, सोने राहते. एकदा संध्याकाळी आम्ही अक्कांकडे गेलो तेव्हा हेच चालले होते. घरातली शेगडी, शेगडीवर जुना तवा, तव्यावर ती गोळी. बाजूला धाकटे पोर पाटीवर अक्षरे गिरवत होते. दार लावून घेतलेले, कारण शेजाऱ्यांनी पाहू नये. त्याच शेगडीवर नंतर भाकरी होणार होती. अक्कांनी आम्हाला चहा दिला तेव्हा बशी कपावर वाजत होती. आम्हाला वाटले वय झाले. घरी आल्यावर हिशेब केला, अक्का आमच्याहून तीन वर्षांनी लहान आहेत.

पाऱ्याविषयी दोन शब्द. पारा ३५७ अंशांना उकळतो, पण त्याची वाफ साध्या हवेतही निघत असते. तिला रंग नाही, वास नाही. ती फुप्फुसातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जाते. हात कापणे, विसराळूपणा, चिडचिड, झोप उडणे, हिरड्या सुजणे ही तिची लक्षणे. पोटातल्या बाळाला आणि लहान लेकरांना तिचा सर्वांत मोठा धोका. तापवलेला पारा नाहीसा होत नाही. भिंतीवर, गोधडीवर, जमिनीच्या सारवणात जाऊन बसतो आणि तिथून हळूहळू पुन्हा वर येतो. जपानच्या मिनामाता गावात कारखान्याचा पारा समुद्रात गेला, माशांत गेला, मासे खाणाऱ्या कोळ्यांच्या अंगात गेला. तो आजार १९५६ साली उघडकीस आला. त्याच गावाच्या नावाने पाऱ्याविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ साली झाला, २०१७ पासून लागू झाला आणि भारताने २०१८ साली त्याला मान्यता दिली. जगात हवेत जाणाऱ्या माणसाच्या हातच्या पाऱ्यात सर्वांत मोठा वाटा कारखान्यांचा नसून सोने काढणाऱ्या लहान-लहान गरीब माणसांचा आहे. हे वाचले तेव्हा आम्हाला तो तवा आठवला.

आता पारा सोडा म्हणून उपदेश करणे सोपे. घर ज्याच्यावर चालते ते बारीक सोने मग कसे धरायचे, हे सांगितल्याशिवाय तो उपदेश तोंडदेखला. आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे, धातूशास्त्राचा आणि आमचा संबंध नाही. पण वाट सापडली ती अनपेक्षित ठिकाणी.

वर्षावासात आमच्या विहारात पाली सुत्तांचे वाचन चालते. अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातात एक सुत्त आहे, त्यात 'पंसुधोवक' येतो. पंसु म्हणजे धूळ, धोवक म्हणजे धुणारा. म्हणजे आपला धूळधोयाच! भगवान बुद्ध सांगतात की हा धूळधोया सोन्याची माती दोणीत टाकून धुतो. पहिल्यांदा जाड मळ जातो, खडे आणि खापऱ्या. तो गेल्यावर मधला मळ राहतो, बारीक खडी आणि जाड वाळू. तोही धुतला की उरतो सूक्ष्म मळ, बारीक वाळू आणि काळी धूळ. तो गेला की मागे सोन्याची रेती राहते, मग सोनार ती मुशीत घालून फुंकतो. पालीतला शब्द 'मूसा', आपण आजही मूस म्हणतो. अडीच हजार वर्षांपूर्वी धूळ धुणाऱ्याचे काम इतक्या बारकाईने कोणी पाहिले होते आणि त्याची उपमा भिक्खूंच्या चित्तशुद्धीसाठी वापरली होती!

वाचन ऐकता ऐकता आमच्या लक्षात आले की अक्का तीन पायऱ्यांचे काम एका परातीत उरकत आहेत. खडे, वाळू, काळी धूळ सगळे एकत्र. घोटाळा तिथेच आहे. सोने पाण्याच्या १९ पट जड, साधी वाळू अडीच पटींच्या थोडी वर, लोखंडाचा कीस आठाच्या आसपास. म्हणजे वजनाने सोने कधीच हरायला नको. पण वाळूचा जाड दाणा आणि सोन्याचा पिठाएवढा कण पाण्यात सारख्याच वेगाने खाली बसतात. जाड दाणा हलवायला जोराचे पाणी लागते आणि तेच पाणी बारीक सोने घेऊन जाते. दाणे सारख्या आकाराचे केले तर मात्र वजनाचा फरक आपले काम करतो. ज्वारी आणि खडे एकत्र पाखडून पाहा आणि चाळून मग पाखडून पाहा, कुठल्याही बाईला हे सांगावे लागत नाही.

तेव्हा पहिली सुधारणा चाळण्यांची. तीन चाळण्या केल्या. पहिली गव्हाची, दुसरी पिठाची, तिसरी त्याहून बारीक तारेच्या जाळीची. ही तिसरी जाळी तेवढी विकत आणावी लागली. चाळायचे ते ओले, पाण्यात धरून. कोरडे चाळले तर धूळ छातीत जाते, आणि सोनाराच्या धुळीत झाळण्याचे कॅडमियम असू शकते, ते पाऱ्याइतकेच वाईट. माती आधी जाळून घेतात, कारण सोने मेणात, केसांत, चिंध्यांत अडकलेले असते. तेही घराबाहेर, झाकणाच्या डब्यात, आणि प्लास्टिक आधी हाताने वेचून. राख थंड झाली की लगेच भिजवायची. चाळणीवर उरलेला प्रत्येक ढीग वेगळा ठेवायचा आणि वेगळा धुवायचा.

दुसरी गोष्ट साबणाची. बारीक सोने तरंगते ते हलके म्हणून नव्हे. त्याला हाताचे तेल, पॉलिशचे मेण लागलेले असते, पाणी त्याला भिजवत नाही. वाटीतल्या पाण्यावर सुई अलगद ठेवली तर तरंगते, तसे. पाण्यात कपडे धुण्याची पावडर चिमूटभर टाकून माती रात्रभर भिजवली की मेण सुटते आणि कण बुडतो. इथे आमची पहिली फजिती झाली. उत्साहाच्या भरात पोरांनी मूठभर पावडर टाकली. फेस झाला पन्हळभर, आणि फेसाबरोबर बारीक कण पुन्हा वर! अक्का म्हणाल्या, "भाऊ, कापडं धुवायलीत का सोनं?" चिमूट म्हणजे चिमूट.

आता पन्हळ. चार फूट लांब, सहा इंच रुंद पत्रा, दोन्ही बाजूंना कडा वळवलेल्या. तळाला बारीक आडव्या रेघांची काळी रबरी चटई. विजेच्या बोर्डापुढे अंथरतात तशी किंवा मोटारीत पायाखाली असते तशी. आम्हाला मोडीत मिळाली. रेघा पाण्याच्या वाटेला आडव्या यायला हव्यात, उभ्या ठेवल्या तर त्यांच्यातूनच सोने वाहून जाते. रेघ जितकी उथळ तितकी बारीक सोन्याला बरी. खोल खाचेत काळी धूळ ठासून बसते आणि सोन्याला जागा राहत नाही. पन्हळीचा उतार फुटाला एक इंच ठेवून सुरुवात करावी. पाणी आले ते घरातल्या कूलरच्या पंपाने. मराठवाड्यात उन्हाळ्याने प्रत्येक घरी कूलर दिला आहे आणि आठ महिने त्याचा पंप रिकामा असतो. खाली टब, टबातून पंप पाणी वर नेतो, ते पन्हळीवरून पुन्हा टबात. दोन बादल्यांत दिवसभर काम होते. नळाला आठ-आठ दिवस पाणी नसणाऱ्या गावात ही गोष्ट आम्हाला सोन्याहून कमी वाटत नाही. पंप मात्र टबाच्या तळाला ठेवू नये, विटेवर ठेवावा, नाहीतर गाळ ओढतो आणि जळतो. आमचा एक जळला.

पंपाची धार थेट सोडली तर चटईवर खड्डा पडल्यासारखे होते. म्हणून वरच्या टोकाला पाईपचा तुकडा आडवा लावला, त्याला दाभणाने ओळीने भोके पाडली. पाणी पातळ पडद्यासारखे पसरायला हवे, त्यात लाट नको. माती चमच्या-चमच्याने घालायची. घमेले ओतले की संपले! इथे धीर लागतो, आणि धीर अक्कांकडे आमच्याहून जास्त आहे.

पन्हळ बरोबर चालते की नाही हे कसे कळणार? इथे आमचे हिशेबी डोके थोडे उपयोगी पडले. ओळखीच्या कारागिराकडून सोन्याचे दहा बारीक कण मोजून उसने आणले. धुऊन झालेल्या वाळूत मिसळले आणि पन्हळीवरून सोडले. पहिल्या खेपेला चटईवर सहा सापडले. पोरांची तोंडे उतरली, आणि उसने चार कण परत कसे करायचे म्हणून आमचेही. खाली टबात आलेली वाळू पुन्हा धुतली तेव्हा तीन मिळाले, एक आजतागायत मिळाला नाही. उतार थोडा कमी केला, पाणी कमी केले, माती आणखी सावकाश घातली. चौथ्या खेपेला नऊ. आणि नऊच्या नऊ वरच्या पहिल्या फुटात. हे महत्त्वाचे. सोने खालच्या टोकाला दिसू लागले तर समजावे की काहीतरी घाईने चालले आहे.

चटई बादलीत झटकली की उरते काळी धूळ, सुत्तातला सूक्ष्म मळ. पूर्वी अक्का इथे पारा घेत. आता ती धूळ वाळवून कागदावर पसरायची आणि जुन्या स्पीकरचे लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून वरून फिरवायचे. पिशवी उलटी केली की लोखंडाचा कीस गळून पडतो. ओल्या धुळीत चुंबक फिरवू नये, लोखंडाच्या गुच्छात सोने अडकून जाते. एकदा फिरवून भागत नाही. निघालेले लोखंड पुन्हा पसरून पुन्हा फिरवावे. त्यानंतर जे उरते ते काळ्या प्लास्टिकच्या घमेल्यात थोड्या पाण्यात फिरवायचे. स्टीलच्या परातीपेक्षा हे घमेले चांगले. त्याचा तळ घसरडा नसतो आणि काळ्यावर पिवळे डोळ्यांना दिसते.

तांबे-पितळेचा आणि चांदीचा कीस यात राहतोच, तो धुऊन निघत नाही. तो काढायला लोक तेजाब वापरतात. बंद खोलीत तेजाबाचा तांबूस धूर म्हणजे फुप्फुसाची राख. आम्ही अक्कांना सांगितले, तेजाब घरात नको. ती रेती टाकणखार घालून मुशीत वितळवून घ्यायची, तेही गलाईवाल्याकडे. आपल्या सांगली जिल्ह्यातील विटा-खानापूरकडची माणसे हा गलाईचा धंदा घेऊन देशभरच्या सराफ बाजारांत गेलेली आहेत. टाकणखार मातीला आणि गंजाला पातळ करून वर आणतो, सोने खाली उतरते. फिलिपाइन्सच्या बेंगेट प्रांतातले लहान खाणवाले कित्येक वर्षे पाऱ्याऐवजी टाकणखारच वापरतात. गोळी भेसळीची येते, कॅरेट कमी भरते. येऊ द्या. भरेल तेवढ्या कॅरेटचे पैसे घ्यावेत.

पैशांचा विषय निघालाच आहे, तर आम्हाला पन्हळीइतकेच महत्त्वाचे वाटते ते सांगतो. २०२५ साली सोन्याचा भाव दहा ग्रॅमला लाखापुढे गेला. लाख धरला तरी एका ग्रॅमला दहा हजार आणि ग्रॅमच्या दहाव्या भागाला एक हजार रुपये. आता समजा, गोळी अर्ध्या ग्रॅमची आहे आणि मशीनवर ती साठ टक्के सोन्याची निघाली. शुद्ध सोने झाले तीनशे मिलिग्रॅम, म्हणजे तीन हजार रुपये. त्यातून गाळण्याची मजुरी जाईल, ती किती ते आधी विचारावे. अक्कांना पूर्वी कोणी वजन दाखवत नसे, टक्के सांगत नसे. गोळी तळहातावर घ्यायची, एक आकडा बोलायचा, संपले. आता त्यांची लेक वही घेऊन बरोबर जाते. नववीत आहे, टक्केवारी तिला आमच्याहून लवकर येते. वजन वहीत, कॅरेट वहीत, त्या दिवसाचा भाव वहीत. पहिल्यांदा गेली तेव्हा घेणारा हसला म्हणे. दुसऱ्यांदा त्याने काटा आपणहून तिच्याकडे फिरवला.

आणखी एक, माती घेताना कारागिराकडून दोन ओळींची चिठ्ठी घ्यावी: अमुक तारखेला अमुक किलो माती इतक्या रुपयांना दिली. फाटक्या लुगड्यातली बाई सोन्याची गोळी घेऊन बाजारात उभी राहिली की पहिला प्रश्न येतो, "कुठून आणलंस?" त्याला उत्तर म्हणून ती चिठ्ठी. आमच्याकडे कागद नसतो आणि त्यांच्याकडे संशय तयार असतो.

आता त्या तरुण मित्राच्या पत्राकडे येतो. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात महारवतनाविरुद्ध बिल मांडले. वतन म्हणजे काय होते? काम जन्माने गळ्यात पडलेले, मोबदला दुसऱ्याच्या मर्जीवर आणि नाही म्हणण्याची सोय नाही. या तिन्ही गोष्टी अक्कांच्या कामाला लावून पाहाव्यात. हे काम त्यांच्या जातीला कोणी लावलेले नाही. नाही म्हणण्याची सोय आहे, तिला ऊसतोड असे नाव आहे, आणि ती सोय बीड जिल्ह्यातल्या बायकांच्या अंगाला काय करते ते मित्राने येऊन पाहावे. राहता राहिला मोबदला. तो मर्जीवर होता, आता काट्यावर आहे.

तरीही त्याच्या रागातला एक भाग आम्हाला पटतो. नाली उपसण्यासाठी गटारात उतरणे याला आमचा ठाम विरोध आहे. हाताने मैला साफ करण्याला बंदी घालणारा नवा कायदा २०१३ साली झाला. सोन्यासाठी असो की नगरपालिकेसाठी, गटारात माणूस उतरू नये. अक्कांनी ते बंद केले, आणि त्यांचे त्यात नुकसान झाले हेही लिहिले पाहिजे. नालीच्या मातीत पूर्वी बरेच निघायचे. पन्हळीने जे वाढले त्यातला काही भाग त्या तोट्यात भरला गेला.

मित्राच्या पत्रात शेवटी एक वाक्य होते की, असे लेख वाचून इतर समाज आपल्याला हसेल. त्याला आम्ही त्या सुत्ताचा पुढचा भाग वाचायला सुचवतो. चित्तातला जाड मळ, मधला मळ सांगून झाल्यावर सूक्ष्म मळात तीन विचार येतात. पहिला नात्यागोत्याचा, काही पाठांत तो जातीचा असाही आहे. दुसरा आपल्या मुलखाचा. आणि तिसरा, लोक आपल्याला कमी लेखतील याचा. हा तिसरा विचार आमच्याही मनात होता. नाहीतर ते दार लावलेले पाहूनही आम्ही चार महिने गप्प का बसलो असतो?

जाता जाता सोन्याचीच एक जुनी गोष्ट. आपला बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, तसाच आजच्या कर्नाटकातला रायचूर जिल्हाही. तिथे मस्की गावी १९१५ साली बीडन नावाच्या सोन्याच्या खाणीच्या इंजिनिअरला डोंगरात कोरलेला लेख दिसला. तोवर बहुतेक शिलालेखांत राजाचे नाव देवानंपिय पियदसि एवढेच वाचले जात होते. मस्कीच्या खडकावर 'अशोक' हे नाव होते. बिचारा सोने शोधायला गेला होता!

अक्कांच्या हाताचे अजून पूर्ण ठीक नाही. सरकारी दवाखान्यात नेले, डॉक्टरांना पाऱ्याच्या वाफेविषयी मुद्दाम सांगितले. असे काम करणाऱ्या सर्वांनी तसे सांगावे, नुसते 'हात थरथरतो' म्हटले तर अशक्तपणाच्या गोळ्या मिळतात. तवा मोडीत दिला नाही. कोणी दुसऱ्याने त्यावर भाकरी केली तर? तो आणि उरलेला पारा, झाकणाच्या बरणीत, अक्कांच्या घरामागे पत्र्याखाली कुलपात ठेवला आहे. तो कोणाकडे द्यायचा हे विचारायला आम्ही दोन कार्यालयांत जाऊन आलो. एकाने दुसऱ्याकडे पाठवले, दुसऱ्याने अर्ज करा म्हटले. अर्ज दिला आहे, पोचपावती घेतली आहे.

पन्हळीची मापे ज्यांना हवी असतील त्यांनी रविवारी वंदनेनंतर विहारात यावे, पन्हळ तिथेच मांडलेली असते. येताना आपली माती भिजवून आणावी, कोरडी आणू नये. पावडर चिमूटभरच.